दशावतारी नाट्यातील युद्धसंगीत

गोव्यातील पेडणे, डिचोली आणि लगतच्या सिंधुदुर्गातील जत्रांत रात्री रंगणाऱ्या दशावतारी नाट्यातील लढायांना दिली जाणारी वाद्यांची साथ. मुख्य वाद्ये तीनच : पायपेटी (पायाने भाता चालवायची हार्मोनियम), मृदंग आणि झांज. संवाद बहुतांशी उत्स्फूर्त असल्याने वादक नटाच्या पावलांवर नजर ठेवतात. शस्त्र उगारताच लय चढते, गिरकीवर मृदंगाची थाप आणि झांजेचा ठोका एकदम पडतो. पूर्वरंगातील ‘आडदशावतारा’त वेद चोरणारा, काळ्या वेशातला, लाल जिभेचा संकासुर मालवणीतून हशा पिकवतो आणि अखेर विष्णूशी झुंजतो. हास्यातून युद्धाकडे नेणारे हे वळण वादकांची खरी कसोटी. दशावताराप्रमाणेच चिनी पेकिंग ऑपेरातील लढायाही ढोल, झांजा व घंटांच्या ठेक्यावर बेतलेल्या असतात. हास्य आणि युद्ध यांची सांगड घालणाऱ्या हाँगकाँगच्या कुंगफू विनोदपटांवर पेकिंग ऑपेराच्या याच परंपरेची छाप दिसते.