वाकड्या स्वयंपाकघराच्या बाजूने

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, गाव कुठलेही असो, जुन्या घराची डागडुजी निघाली की मिस्त्रीचा पहिला सल्ला ठरलेला असतो: स्वयंपाकघर आधी गुण्यात आणा. तिरकी भिंत पाडा, नाहीतर तिच्यापुढे सरळ भिंत उभी करा. मग एल आकाराचा ग्रॅनाइटचा ओटा घाला. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण जमवा. घरातली शिकलेली मुलेही हेच सांगतात. हा सल्ला आपल्याकडच्या लहान, वाकड्या स्वयंपाकघरांसाठी चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

ही स्वयंपाकघरे वाकडी का झाली, ते आधी पाहू. भावाभावांत वाटणी झाली आणि एका घराचे दोन-तीन लांब पट्टे पडले. पुढे मागची छपरी बंद करून तिथे चूल गेली. कौलांचा उतार एका बाजूला डोक्याला लागेल इतका खाली आलेला, आणि मागची भिंत गल्लीच्या वळणाप्रमाणे तिरपी. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाला स्वयंपाकाच्या जागेसकट किमान 25 चौरस मीटर ठरवलेले आहेत. पूर्वीच्या इंदिरा आवासमध्ये ते 20 होते. एवढ्या क्षेत्रात जुन्या भिंतीला लागून बांधकाम झाले, की सुटलेल्या तुकड्यातच स्वयंपाकघर बसते.

त्रिकोणाच्या मतामागे मोठी परंपरा आहे आणि ती प्रामाणिक कष्टांतून आलेली आहे. अमेरिकेत ख्रिस्टीन फ्रेडरिक यांनी 1912च्या सुमारास कारखान्यातली श्रममोजणी स्वयंपाकघरात आणली आणि बाईची पावले मोजायला घेतली. 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी 1.9 गुणिले 3.4 मीटरचे स्वयंपाकघर आखले, आणि तसली सुमारे 10,000 बांधली गेली. 1929 मध्ये लिलियन गिलब्रेथ यांनी ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी अशीच मांडणी केली. 1940च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाने त्रिकोणाचा नियम बांधून दिला: प्रत्येक बाजू 4 ते 9 फूट, तिन्हींची बेरीज 26 फुटांच्या आत. स्वयंपाक हे श्रमाचे काम आहे आणि त्या श्रमाची किंमत मोजली पाहिजे, हा या सर्वांचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे.

पण नियम कशावर उतारा म्हणून आला, हे विसरून चालत नाही. तो मोठ्या खोलीतल्या अकारण येरझाऱ्यांवर आला. आपली खोली धरा: लांबी 11 फूट, एका टोकाला रुंदी 8, दुसऱ्या टोकाला 5. क्षेत्र भरते साडेएकाहत्तर चौरस फूट, म्हणजे फ्रँकफुर्टच्या खोलीपेक्षा किंचित जास्त. इथे कुठेही उभे राहा, शेगडी आणि पाणी दोन-तीन पावलांवरच आहे. पावले वाचवून काहीच हाती लागत नाही, कारण उणीव पावलांची नाहीच. उणीव आहे मोकळ्या जमिनीची. फ्रँकफुर्टच्या रहिवाशांचीही हीच तक्रार होती, की त्या खोलीत दुसरे माणूस मावत नाही. त्रिकोणात एकच बाई गृहीत धरलेली आहे, आणि ती उभी आहे.

आपल्याकडे काय चालते? भात हे मुख्य अन्न. तांदूळ निवडायचा, धुवायचा, गंजात शिजवायचा. निवडणे तर बसूनच होते. हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा सोलायला सासू-सून आणि शेजारीण एकत्र बसतात. भाजी विळीवर चिरायची. मालगुजारी तलावातले मासे आणि झिंगे आले, तर ते साफ करायला मागच्या दाराबाहेरच जायचे. नळ ठरावीक वेळी येतो, म्हणून गुंड आणि माठ भरून घडवंचीवर ठेवायचे. जेवणाची पंगतही बऱ्याच घरांत तिथेच, जमिनीवर. आणि दिवाळीनंतर गावची मंडई आली, लेकी-जावई आणि पाहुणे उतरले, दंडार बघून मंडळी रात्री उशिरा परतली, की त्याच खोलीत तीन-चार बायका एका वेळी राबतात. स्वयंपाकघराची खरी परीक्षा त्या दिवसांत होते. फ्रिज या सगळ्यात कोपऱ्यात उभा असतो. म्हणून मला मोलाची वाटणारी ठिकाणे वेगळी आहेत: पाणी, विस्तव, मागचे दार आणि बसायची जमीन.

आता मिस्त्रीचा सल्ला त्याच खोलीवर लावून पाहा. तिरक्या भिंतीपुढे सरळ भिंत घातली, की सगळी खोली 5 फुटांची होते आणि साडेसोळा चौरस फूट कायमचे जातात. राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्वयंपाकघराची किमान रुंदी 1.8 मीटर सांगितली आहे, म्हणजे जवळपास 6 फूट. मूळ वाकड्या खोलीत बराचसा भाग या मापात बसत होता. सरळ केल्यावर एकही इंच बसत नाही. भिंत न पाडता दोन्ही बाजूंना 2-2 फुटांचे ओटे घातले, तर शेगडीपाशी मधे जेमतेम सव्वादोन फूट उरतात. विळी घेऊन बसलेल्या बाईला ओलांडून दुसरीला उकळत्या भाताचा गंज उतरवावा लागेल. भाजण्याचे अपघात अशाच जागी होतात.

मी सुचवतो ते असे. ओटा एकच, सरळ भिंतीला. मागचे दार रुंद टोकाला ठेवा आणि त्याच्या लगत सिंक व घडवंची, म्हणजे भरलेले पाणी आत येताना आणि खरकटे बाहेर जाताना खोली ओलांडावी लागणार नाही. सिंकनंतर 3 फूट मोकळा दगड, मग शेगडी. तिरक्या भिंतीला ओटा घालू नका. शेगडीपाशी चार फुटांहून जास्त आणि पाण्यापाशी पाच फुटांहून जास्त जमीन मोकळी मिळते; तिथे दोघी बसतात, तिसरी उभी राहते. चिंचोळे टोक वर्षभराच्या तांदळाच्या कोठीला आणि फ्रिजला द्या. तिथे फूटभर उंच जोते बांधले की ओल लागत नाही आणि अडचणीच्या कोनात केर साचायचा प्रश्नही मिटतो. कौलांचा उतार जिथे खाली येतो ती बाजूही साठवणीची किंवा बसून करायच्या कामाची. उभ्या कामाची कधीच नाही.

गॅसबद्दल तडजोड नको. तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. सिलिंडर बंद कपाटात किंवा चिंचोळ्या टोकाला ठेवू नये. तो मोकळ्या दगडाखाली, दाराच्या बाजूला, उभाच असावा, आणि तिथेच बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत झरोका हवा. नळी दीड मीटरच्या आत. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात पारा 44-45ला जातो, म्हणून वरही झरोका लागतोच. मात्र खिडकीचा झोत थेट बर्नरवर येऊ देऊ नये.

वास्तुशास्त्र मानणारे विचारतील, आग्नेय कोपऱ्याचे काय? तो कोपरा चिंचोळा असेल तर तिथे विस्तव कोंडू नये, एवढेच माझे म्हणणे. वायव्येला स्वयंपाक चालतो, असे त्याच परंपरेचे जाणकार सांगतात.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: जमीन राखायची म्हणजे बाईला पुन्हा जमिनीवर बसवायचे का? धुरातून आणि वाकलेल्या पाठीतून ओट्याने तिला सोडवले, हे खरे आहे. 2016च्या उज्ज्वला योजनेने गॅस घराघरांत नेला, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. त्याआधी याच विदर्भात, वर्ध्याच्या मगनवाडीत, धूर बाहेर काढणारी मगन चूल घडली होती. विस्तवाजवळ बसणाऱ्या बाईचा विचार करूनच. शेगडी ओट्यावरच हवी. पण तासभर चालणारे निवडणे-सोलणे उभ्याने करायला लावणे हीही सुटका नव्हे. फ्रँकफुर्टच्या त्या खोलीतसुद्धा बसून काम करायला फिरते स्टूल दिलेले होते. आपण ओटा घेतला आणि स्टूल विसरलो. गुडघे दुखणाऱ्या सासूला तिरक्या भिंतीलगत दीड फूट उंच, पक्का बाक बांधून द्या.

आणि ओट्याची उंची सरसकट 34 इंच नको. 5 फूट उंचीच्या बाईचे कोपर साधारण 38 इंचांवर येते. ओटा 33 इंच ठेवला तर चिरणे-मळणे ठीक होते, पण त्यावर शेगडीचे 5 इंच आणि मंडईच्या पाहुण्यांचा मोठा गंज चढला, की ढवळणारा हात खांद्याच्या वर जातो. शेगडीचा भाग 28 इंचांवर उतरवावा. त्याहून खाली नको, कारण शेगडी सिलिंडरच्या वरच राहिली पाहिजे. दगड कापण्याआधी ही मापे त्या घरात रांधणाऱ्या बाईला उभे करून घ्यावीत, आणि घरात दोघी रांधत असतील तर बुटकीची धरावीत.