साळिंदराचे देवक आणि बंदुकीची मजुरी

मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. इतिहास वाचला तो पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीत. म्हणून पेडी लोकांकडे मी पाहतो तो कामगाराच्या नजरेने.

दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात, लेओलू डोंगराच्या आसपास त्यांचा मुलूख आहे. तेथे कूळ विचारायचे तर 'तू कोणाला नाचतोस?' असे विचारतात. राजघराणे, म्हणजे मारोटेंग, साळिंदराला नाचते. आपल्याकडचे देवकच म्हणा ना! पण इतर कुळांपैकी कोणी सिंहाला नाचतो, कोणी मगरीला. १८२० च्या दशकातील धामधुमीत मुलूख उद्ध्वस्त झाला. पुढे सेक्वाती राजाने विखुरलेल्यांना आसरा दिला आणि आसऱ्याला आलेले पेडी म्हणवू लागले. एका रक्ताचे हे लोक कधीच नव्हते.

त्यांना खरे एकत्र बांधले ते मजुरीने. राजे तरुणांच्या तुकड्याच कामाला धाडीत. आधी केप वसाहतीत, १८७० नंतर किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर. आठवडेच्या आठवडे पायपीट, मग महिनोन्‌महिने खोदकाम. आणि मजुरीचे काय? बंदूक! परतल्यावर राजाचा हिस्सा वेगळा. आपले कोकणी गिरणीकामगार गावी मनिऑर्डर धाडीत, हे बंदूक नेत.

ह्याच बंदुकांच्या बळावर १८७६ साली सेक्वातीचा मुलगा सेखुखुने ह्याने बोअरांना परतवले. शेवटी १८७९ च्या नोव्हेंबरात वूल्झली हा इंग्रज सेनापती हजारो स्वाझी सैनिक घेऊन आला, तेव्हा राजधानी पडली. राजाला गुहेतून पकडून प्रिटोरियाच्या तुरुंगात टाकले. १८८१ साली सुटला, तर पुढल्याच वर्षी सावत्र भाऊ मांपुरू ह्याने त्याचा खून करविला.

पोरांची खाणीची वाट मात्र सुटली नाही. आता ती बंदुकीसाठी नव्हे, सरकारी करासाठी. पण १९५० च्या दशकात शहरांतल्या ह्याच स्थलांतरित कामगारांनी 'सेबाताकगोमो' ही संघटना काढली. नाव घेतले जुन्या रणहाकेचे. फ्लॅग बोशिएलो, जॉन न्काडिमेंग ही त्यातली माणसे. वर्णद्वेषी सरकारने गावोगाव आपल्या हातचे मुखिये बसवायला घेतले, तेव्हा १९५८ साली सेखुखुनेच्या मुलखात उठाव झाला. त्यामागे ह्या संघटनेचे पाठबळ होते.

पुढे १९७२ साली त्याच सरकारने 'लेबोवा' नावाचा वेगळा प्रांत कोरून दिला. १९९४ साली तो गेला. १९९६ च्या राज्यघटनेने भाषेचे नाव 'सेपेडी' असे लिहिले, आणि नवाच तंटा उभा राहिला. आमची बोली निराळी, मग पेडींचे नाव सगळ्यांना का, असे शेजारचे विचारतात. 'उत्तरेची सोथो' म्हणा, असा त्यांचा आग्रह आहे.