दमलेल्या स्नायूंचं औषध



आजचा विषय मला महूच्या एका मैदानावर सापडला. तिथे पहाटे पाचला सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं १६०० मीटर धावतात आणि मी कडेकडेने चालतो. गेल्या हिवाळ्यात त्यातला एक मुलगा पायरीवर बसून बाटलीत कसलंसं चूर्ण ढवळत होता. मराठी घरातला मुलगा. विचारलं तर म्हणाला, "सर, अश्वगंधा, हळद, अजून बरंच काही आहे. धावलं की स्नायूंत विष तयार होतं ना, ते हे मारून टाकतं." डबा अठराशे रुपयांचा. आई चार घरी पोळ्या लाटते.

हे 'विष' आलं कुठून, आणि ते मारायचं असं कधी ठरलं, याचा इतिहास आज सांगतो. त्यात एक चूक माझीही आहे.

गोष्ट १९५४ सालची. रेबेका गर्शमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी मांडलं की जास्त दाबाच्या ऑक्सिजनने होणारी इजा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा यांचं मूळ एकच आहे: मुक्त मूलकं, म्हणजे फ्री रॅडिकल्स. ज्याला एक इलेक्ट्रॉन कमी पडतो आणि जो शेजाऱ्याचा ओढून घेतो, असा हा रेणू. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणाचं खापरही यांच्याच माथी फोडलं. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं की शरीराकडे यांच्यासाठी स्वतःचं एक विकर आहे, सुपरऑक्साइड डिसम्युटेज. म्हणजे शत्रू होता, तसा पहारेकरीही घरचाच होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्नायूंचा संबंध पक्का झाला १९८२ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथे केल्विन डेव्हिस, लेस्टर पॅकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना दमून थांबेपर्यंत पळवलं आणि स्नायू व यकृत तपासलं. मुक्त मूलकांची खूण दोन ते तीन पट वाढलेली. जगाने यातून सरळ हिशेब काढला: व्यायामाने मूलकं वाढतात, मूलकं वाईट, म्हणून ती मारणाऱ्या गोळ्या चांगल्या. पण त्याच संशोधकांनी आणखी एक शक्यता मांडली होती. हीच इजा स्नायूला नवी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जेची भट्टी, वाढवायचा इशारा देत असेल. ते वाक्य बाजाराने वाचलंच नाही.

दुसरीकडे वनस्पतींची गोष्ट वेगळ्या वाटेने चालली होती, आणि तिच्यात सैन्य पहिल्यापासून होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत संशोधक सैनिकांचा थकवा कमी करणाऱ्या वनस्पती शोधत होते. अतिपूर्वेकडचे नानाई शिकारी शिसांड्राची फळं खाऊन दिवसभर माग काढतात, हे त्यांच्या कानावर होतं. १९४७ मध्ये निकोलाय लाझारेव्ह यांनी 'अ‍ॅडॅप्टोजेन' हा शब्द घडवला: शरीराची ताण सोसायची ताकद वाढवणारं द्रव्य. पुढे व्लादिवोस्तोकला इस्राएल ब्रेखमन यांनी एल्युथेरोकॉकस या झुडपावर वर्षानुवर्षं काम केलं. आज आपल्या अश्वगंधेच्या डब्यावर हाच रशियन शब्द छापलेला दिसतो.

आपल्याकडेही १९६२ च्या युद्धानंतर उंचीवरच्या जवानाच्या शरीराचा शास्त्रीय अभ्यास जोरात सुरू झाला. लेहच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने लडाखच्या काटेरी सीबकथॉर्नच्या फळांपासून पेय तयार केलं. हे सगळं काम मोलाचं आहे, मी त्याला हसत नाही.

आता माझी चूक. नव्वदच्या दशकात मी कंपनी कमांडर होतो. स्पर्धा तोंडावर होती. कुठल्याशा मासिकात वाचून मी जवानांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला लावल्या, तेही प्रशिक्षणाच्या सगळ्या आठवड्यांत. डॉक्टरला विचारलं नाही. साहेब सांगतायत म्हणून पोरांनी घेतल्या.

२००९ मध्ये मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांचा जर्मनीतला प्रयोग प्रसिद्ध झाला. तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला. काहींना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं, काहींना दिलं नाही. व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. तो सुधारला फक्त गोळ्या न घेणाऱ्यांत. २०१४ मध्ये नॉर्वेत ५४ जणांवर अकरा आठवड्यांचा प्रयोग झाला. गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची वाढ मंदावलेली दिसली, जरी दम दोन्ही गटांचा सारखाच वाढला. म्हणजे ते 'विष' बऱ्याच अंशी निरोपच असतो. निरोप्यालाच चौकीवर अडवलं, तर मागून कुमक येणार कुठून?

फौजीला हे समजायला जड जाऊ नये. उंचावर जाताना आम्ही पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, मग चार, मग पुन्हा चार दिवस थांबतो. शरीराला थोडा त्रास होऊ देतो, म्हणूनच ते तयार होतं.

मग वनस्पती निरुपयोगी का? तसंही नाही. अनेक वनस्पतींतली द्रव्यं मूलकांना थेट मारण्यापेक्षा शरीराच्या घरच्या पहारेकऱ्यांनाच जागं करतात, असं प्रयोगशाळेत दिसतं. २०१५ मध्ये ५७ तरुणांवरचा भारतीय प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ आठवडे रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम अश्वगंधा अर्क घेणाऱ्यांची ताकद जास्त वाढली, स्नायूंची झीज कमी दिसली. पण ५७ जण म्हणजे एक प्लाटून आणि वर थोडे. तेवढ्यावर सगळ्या फौजेचा निर्णय होत नाही. शिवाय अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

शेवटी मी चरकसंहितेकडे वळलो. त्यात दहा-दहा द्रव्यांचे गट आहेत. अश्वगंधा 'बल्य' गटात आहे, बळ देणारी. पण 'श्रमहर', म्हणजे थकवा घालवणारा, गट वेगळा आहे. त्यात काय आहे? द्राक्ष, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठ दिवसांत येणारा भात. दहाच्या दहा खायच्या वस्तू! आणि सुश्रुत सांगतो, व्यायाम आपल्या निम्म्या ताकदीपर्यंतच करावा. अडीअडचणीसाठी पाठपिशवीत शक्करपारे बाळगणाऱ्या आमच्या जवानाला ही यादी परकी वाटणार नाही.

त्या मुलाला मी हे सगळं तिथेच सांगितलं. डब्यावर परवाना क्रमांक नव्हता. असल्या डब्यांत कधी स्टेरॉइडही मिसळलेलं असतं. तो म्हणाला, "सर, अर्धा उरलाय. नऊशे रुपये आहेत." मी म्हटलं, "माहीत आहे. तरी टाक." त्याने लगेच टाकला नाही. दोन दिवस घेऊन येत राहिला, उघडत मात्र नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे स्टीलची डबी होती: भिजवलेले चणे, गूळ, चार खजूर. आईने भरून दिली होती.

माझ्या त्या जुन्या जवानांपैकी काहींचे फोन अजून येतात. त्यांनाही मी हा भाग पाठवणार आहे. साहेबाने चुकीचं सांगितलं होतं, हे साहेबानेच कळवायला हवं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.