त्याच बराकी, दुसरी माणसं

इतिहासाला प्रयोगशाळा नसते, असं आपण सायन्सवाले म्हणतो. बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलता येत नाही. तरी कधीकधी त्याच्या जवळ जाणारं उदाहरण सापडतं. आपल्या पारनेरहून एका दिवसात गाठता येईल असं कोल्हापूरजवळचं वळिवडे घ्या.

सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे भारतात आली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० जण राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. छावणी कुटुंबांसाठीच बांधलेली. लांब बराकी, पण प्रत्येक घराला खोल्या, स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. चूल आपली असली की जेवायची वेळही आपणच ठरवतो. शाळा आणि चर्च आवारातच, त्यामुळे मुलांचं जग पोलिशच राहिलं.

आता कल्याण कॅम्प बघा. त्या बराकी युद्धकाळात सैनिकांसाठी बांधलेल्या. सैनिक मेसमध्ये जेवतो, त्याला वेगळी चूल कशाला? फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं आली. त्यांनी चादरी, गोणपाटं टांगून आडोसे केले. ८ ऑगस्ट १९४९ ला या कॅम्पचं उल्हासनगर झालं, तरी पत्त्यात बराक नंबर अजून लिहितात.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे इमारतच जगणं ठरवते. थांबा. पोलिश गेल्यावर वळिवड्यातही सिंधी निर्वासित आले. बराकी त्याच. पण तिथून उभं राहिलं गांधीनगर, आजची कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ.

फरक कुठे पडला? पोलिश लोक युद्ध संपायची वाट बघत होते. सुरुवातीला त्यांचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं. सिंधी लोकांना परतीची वाटच नव्हती आणि व्यापार अनेकांच्या हाडात होता. म्हणजे एक नाही, तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या. प्रयोग शुद्ध नाही.

म्हणून प्रपोजलमध्ये 'वास्तुरचनेमुळे असं झालं' असं सरळ लिहू नका. इमारतीने काय सोपं केलं, काय अवघड केलं आणि माणसांनी त्यात काय बदललं, हे तीन प्रश्न वेगळे ठेवा. सराव म्हणून तुमच्या गावातली, वापर बदललेली एखादी जुनी इमारत निवडा. आधी चूल कुठे होती, ते विचारा.