रचना जाहीर, किल्ली गुप्त

१९९५ साली अमेरिकेतील एमआयटी प्रेसने एक अजब पुस्तक छापले. त्यात एका संगणक प्रणालीच्या आज्ञावलीखेरीज जवळजवळ काहीच नव्हते. गादीवर लोळत वाचावे असे ते पुस्तक नव्हते हे उघड आहे. छापण्याचे कारण कायद्यात दडलेले होते. त्या काळी संदेश गुप्त करणाऱ्या प्रबळ प्रणालींची गणना अमेरिकेत युद्धसामग्रीत होई. परवान्याशिवाय त्या देशाबाहेर नेणे हा गुन्हा होता. पण छापील पुस्तकाला तिथल्या राज्यघटनेतील मुद्रणस्वातंत्र्याचे कवच होते. जी आज्ञावली तबकडीत भरून विमानात बसणे गुन्हा, तीच कागदावर उतरली की पुस्तकाच्या दुकानातला माल! पुढे १९९७ साली तिच्या नव्या आवृत्तीची हजारो छापील पाने युरोपात नेऊन स्वयंसेवकांनी ती पुन्हा संगणकात उतरवून घेतली.

या प्रणालीचे नाव पीजीपी, म्हणजे ‘प्रेटी गुड प्रायव्हसी’. फिल झिमरमन या प्रोग्रॅमरने ती १९९१ मध्ये आज्ञावलीसकट फुकट वाटून टाकली. ती परदेशात पोचली आणि १९९३ पासून त्याच्यामागे चौकशी लागली. १९९६ च्या जानेवारीत आरोपपत्र न ठेवताच ती बंद झाली.

इथे एक शंका येते. गुप्ततेचे साधन बनवायचे आणि त्याची रचना मात्र चव्हाट्यावर मांडायची, हा कुठला न्याय?

याचे उत्तर शंभर वर्षे आधी एका शिक्षकाने देऊन ठेवले होते. ऑगस्ट केर्कहॉफ्स हा मूळचा डच गृहस्थ पॅरिसमध्ये भाषा शिकवत असे (व्होलाप्यूक या कृत्रिम भाषेचाही तो पुढे मोठा प्रचारक झाला). १८८३ साली त्याने लष्करी गुप्तलेखनावर एक दीर्घ लेख लिहून सहा नियम घालून दिले. त्यातला दुसरा नियम प्रसिद्ध आहे: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायची ती फक्त किल्ली. किल्ली हरवली तर ती बदलता येते, सगळ्या सैन्याची पद्धत रातोरात बदलता येत नाही. सहावा नियम तितकाच महत्त्वाचा, पण त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. पद्धत वापरायला सोपी हवी, तिच्यासाठी डोक्याला ताण किंवा नियमांची लांबलचक यादी नको, असे तो सांगतो.

दुसऱ्या नियमाची प्रचीती झिमरमनला लगेच आली. पीजीपीच्या पहिल्या आवृत्तीत मजकुराची उलथापालथ करण्यासाठी त्याने स्वतः रचलेली पद्धत वापरली होती. १९९१ मध्येच एका परिषदेत एली बिहाम या तज्ज्ञाने तिच्यातले गंभीर दोष त्याच्यापुढे मांडले. झिमरमनने ती पद्धत टाकून दिली आणि १९९२ च्या आवृत्तीत झुरिकच्या लाय आणि मॅसी यांची पद्धत घेतली. रचना झाकून ठेवली असती तर लोक किती वर्षे कच्च्या कुलपावर विसंबून राहिले असते कोण जाणे.

मग ही किल्ली समोरच्याला पोचवायची कशी? वाटेत कोणी पाहिली तर सगळेच मुसळ केरात. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी तोडगा सुचवला: किल्ल्यांची जोडी करा, एक जाहीर आणि एक खाजगी. जाहीर किल्लीने कुलूप फक्त लावता येते, उघडायला खाजगीच लागते. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही कल्पना अंकगणितात बसवली. वर्गात करून पाहण्याजोगी गोष्ट आहे. ८९ आणि ९७ यांचा गुणाकार आठवीतला मुलगा अर्ध्या मिनिटात करील. पण ८६३३ चे अवयव पाडा म्हटले तर तास संपेल. याच तिघांनी १९७७ मध्ये १२९ अंकी संख्येचे कोडे घातले होते. ते सुटायला १९९४ साल उजाडले, तेही सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावले तेव्हा.

गणित भक्कम होते, आज्ञावली खुली होती. तरी पीजीपी सर्वसामान्यांपर्यंत पोचली नाही. तिथे सहावा नियम आडवा आला. १९९९ मध्ये व्हिटन आणि टायगर या संशोधकांनी बारा जणांना पीजीपी देऊन दीड तासात एक संदेश गुप्त करून, सही करून पाठवायला सांगितले. बहुतेकांना ते जमले नाही. तिघांनी तर गुपित चुकून जसेच्या तसे धाडून दिले. २०१२ च्या डिसेंबरात एडवर्ड स्नोडेनने पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना पीजीपी बसवून घ्या म्हणून विनवले. त्यांना ते किचकट वाटले आणि ते चालढकल करत राहिले. शतकातली एक मोठी बातमी त्यामुळे काही महिने अडून राहिली.

आणखी एक गोष्ट माझ्या मते याहून गंभीर आहे. पीजीपीचा मुक्त अवतार असलेली जीपीजी ही प्रणाली १९९९ पासून जगभर वापरात आहे. २०१५ मध्ये बातमी आली की तिचा भार जर्मनीतला वर्नर कॉख हा प्रोग्रॅमर जवळजवळ एकटाच वाहतो आहे आणि त्याच्यापाशी पैसे संपत आले आहेत. बातमीनंतर देणग्यांचा ओघ सुरू झाला. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोणीतरी मोजतच असते.

सहावा नियम पाळला गेला तो मोबाईल फोनवर. सिग्नल या मुक्त ॲपसाठी घडवलेली पद्धत व्हॉट्सॲपने घेतली आणि एप्रिल २०१६ मध्ये अब्जाहून अधिक लोकांचे निरोप गुप्त झाले. कोणाला एक बटणही दाबावे लागले नाही. झिमरमनला पंचवीस वर्षांत जे साधले नाही ते असे झाले. पण दुसऱ्या नियमाचे काय? पद्धत जाहीर आहे, व्हॉट्सॲपची स्वतःची आज्ञावली मात्र बंद आहे. मजकूर कंपनीला वाचता येत नाही. कोण कोणाशी केव्हा बोलले ही नोंद त्यात येत नाही, ती कंपनीला कळू शकते. साठवून ठेवलेल्या प्रतीलाही कुलूप हवे असेल तर ते आपणच लावायचे असते. ही सोय २०२१ मध्ये आली. सिग्नलची आज्ञावली कोणीही तपासू शकतो आणि ते एक ना-नफा संस्था चालवते. अडचण एवढीच की शाळेचा गट व्हॉट्सॲपवर असतो, आणि एकट्याने घर बदलून गाव बदलत नाही.

या दोन्ही ॲपांत प्रत्येक संभाषणासाठी एक साठ अंकी संख्या दडलेली असते. दोघांच्या जाहीर किल्ल्यांवरून ती तयार होते. दोघांच्या फोनवर ती सारखी दिसली तर मध्ये कोणी तोतया किल्ली घेऊन बसलेला नाही. व्हॉट्सॲपमध्ये समोरच्याच्या नावावर बोट ठेवून माहितीचे पान उघडा, ‘एन्क्रिप्शन’ या ओळीखाली ती मिळेल. मधल्या सुट्टीत शेजारच्या सहकाऱ्याबरोबर ती ताडून पाहायला दोन मिनिटे पुरतात.