अलुम्ब्रोन

स्पॅनिशमध्ये वीज जाण्याला 'अपागोन' म्हणतात. १९९०च्या दशकात क्युबातल्या लोकांनी त्याच्या बरोबर उलटा शब्द बनवला, 'अलुम्ब्रोन'. म्हणजे वीज येणं! दिवसातले सोळा-सोळा तास अंधारच असेल, तर वीज गेली ही बातमी राहत नाही, वीज आली ही बातमी होते.

पुढच्या काळात ऊर्जा महाग आणि दुर्मीळ होणार, मग आपल्या घराची तयारी काय, हा विषय ऑफिसच्या कँटीनमध्ये निघाला की उत्तरं ठरलेली असतात. एलईडी लावा, फाइव्ह स्टार फ्रीज घ्या, गच्चीवर सोलर टाका, इन्व्हर्टर ठेवा. सगळं बरोबरच आहे. पण एका अख्ख्या देशातल्या घराघरानं ही तयारी करून बघितलेली आहे, आणि तीही एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा अगदी वेगवेगळ्या पद्धतीनं. माझ्या मते पहिलीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त शिकण्यासारखी आहे, पण तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

आधी पहिली. १९८०च्या दशकाच्या शेवटी क्युबाचं बहुतेक सगळं तेल सोव्हिएत युनियनमधून यायचं. बदल्यात साखर जायची, आणि भाव दोस्तीतले. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच संपलं. दोन-तीन वर्षांत तेलाची आयात निम्म्याहून खाली आली, अर्थव्यवस्था साधारण एक तृतीयांशानं आकसली, आणि अमेरिकेचे निर्बंध होतेच. सरकारनं या काळाला नाव दिलं 'शांतताकाळातला विशेष काळखंड'. हे नाव मूळचं युद्धाच्या तयारीतलं. बाहेरून काहीच येईनासं झालं तर देश कसा चालवायचा याची योजना तयार होती, ती युद्ध न होताच बाहेर काढावी लागली.

घरात काय झालं ते बघा. बस बंद पडल्या म्हणून चीनमधून दहा लाखांहून जास्त सायकली आणल्या. हवानात ट्रेलरला डबा जोडून 'कॅमेलो' म्हणजे उंट नावाच्या बस चालवल्या, एकात दोन-तीनशे माणसं. शहरातल्या रिकाम्या प्लॉटवर भाजीचे वाफे झाले. काही फ्लॅटमध्ये बाथटबात डुक्कर पाळलं जायचं. आणि १९९२ मध्ये सैन्याच्या प्रकाशनानं 'आपल्याच बळावर' अशा अर्थाच्या नावाचं एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात लोकांनी कळवलेल्या जुगाडांची माहिती होती, खाण्याच्या पदार्थांपासून अवजारांपर्यंत.

जुगाड हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. एर्नेस्तो ओरोसा नावाच्या क्युबन डिझायनरनं या वस्तू पुढे वर्षानुवर्षं गोळा केल्या आणि या वृत्तीला 'तांत्रिक आज्ञाभंग' असं नाव दिलं. त्याच्या संग्रहातली माझी आवडती वस्तू म्हणजे जुन्या टेलिफोनच्या खोक्यावर उभा केलेला टेबलफॅन. कँटीनमधल्या ॲल्युमिनियमच्या ताटांची टीव्हीची अँटेना आहे. एकदा वापरून फेकायचे सेल पुन्हा चार्ज करणारा चार्जर आहे (घरी करून बघू नका). आणि या सगळ्याची आई म्हणजे 'ऑरिका', सोव्हिएत बनावटीचं वॉशिंग मशीन. त्याला कपडे पिळायला वेगळा ड्रायर होता. मशीन बिघडलं तरी ड्रायरची मोटर टिकायची, मग त्या मोटरीवर पंखा फिरायचा, चाव्यांच्या नकला निघायच्या, खोबरं किसलं जायचं. कारखान्यानं वस्तू एका कामासाठी बनवलेली असते, पण वापरणाऱ्यानं तिच्याकडे मोटर, पत्रा, वायर असं सुटं सुटं बघायचं. आमच्या धंद्यात याला कोड रीयूज म्हणतात आणि त्यावर प्रेझेंटेशनं होतात :)

२००६ मध्ये 'द पॉवर ऑफ कम्युनिटी' नावाची डॉक्युमेंटरी आली, क्युबानं तेलटंचाई कशी पचवली यावर. तेल संपणार म्हणून धास्तावलेल्या पाश्चात्त्य मंडळींत ती फार गाजली. सायकली, सेंद्रिय भाजी, शेजारधर्म. ते सगळं खरंच होतं, पण अर्धंच खरं. १९९२-९३ मध्ये पन्नास हजारांहून जास्त लोकांना मज्जातंतूंचा आजार झाला, अनेकांची नजर अधू झाली. निकृष्ट आहार आणि बी-व्हिटॅमिनची कमतरता हे त्यामागचं मोठं कारण. शेवटी सरकारनं सगळ्या देशाला व्हिटॅमिनच्या गोळ्या वाटल्या. १९९४च्या ऑगस्टमध्ये हवानाच्या किनारी रस्त्यावर लोक उतरले, आणि त्या उन्हाळ्यात सुमारे पस्तीस हजार माणसं तराफे, ट्रकच्या ट्यूब, जे तरंगेल त्यावर बसून फ्लोरिडाच्या दिशेनं निघाली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या वर्षांत लोकांचं वजन सरासरी चार-पाच किलोंनी घटलं आणि पुढे मधुमेह आणि हृदयविकारानं होणारे मृत्यूही कमी झाले. हा निष्कर्ष काही लोक फार उत्साहानं सांगतात. सक्तीच्या उपासाला डाएट म्हणणं मला तरी जमत नाही.

असो. आता दुसरी गोष्ट.

२००० मध्ये व्हेनेझुएलाशी करार झाला आणि तेल पुन्हा येऊ लागलं. पण वीजकेंद्रं जुनी झाली होती. २००४ मध्ये मातान्सास इथलं अंतोनियो गितेरास हे देशातलं सगळ्यात मोठं युनिट बंद पडलं आणि पुन्हा अंधार सुरू झाला. २००४ आणि २००५ मिळून चारशेहून जास्त दिवस मोठं भारनियमन झालं. आपल्याकडेही महाराष्ट्रात साधारण तेव्हाच लोडशेडिंगचे दिवस होते, त्यामुळे ज्यांनी मेणबत्तीवर बारावीचा अभ्यास केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आपण त्यावर घरोघरी इन्व्हर्टर आणि दुकानादुकानात जेनसेट हा उपाय काढला. फिडेल कॅस्ट्रोनं वेगळा काढला. ८ मार्च २००५, महिला दिन. भाषणाचा विषय होता प्रेशर कुकर आणि राइस कुकर. त्यावर कॅस्ट्रो तासन्‌तास बोलले! डाळ (म्हणजे त्यांचा काळा घेवडा) किती वेळात शिजते, किती ऊर्जा वाचते, सगळं.

जगभर याची चेष्टा झाली, पण काम गमतीचं नव्हतं. २००६ हे वर्ष 'ऊर्जा क्रांतीचं वर्ष' म्हणून जाहीर झालं. हजारो तरुण कार्यकर्ते दारोदार फिरले. साधे पिवळे बल्ब काढून सीएफएल लावले, सहा महिन्यांत नव्वद लाखांहून जास्त. जुना खादाड फ्रीज द्यायचा आणि नवा चिनी फ्रीज हप्त्यावर घ्यायचा, असे वीस लाखांच्या आसपास फ्रीज बदलले. दहा लाखांहून जास्त पंखे बदलले. वीजदर असा केला की महिना शंभर युनिटच्या आत राहणाऱ्याला जुनाच स्वस्त दर, आणि पुढे वापर वाढेल तसा चढता. देशभर छोटे जनरेटर बसवले, म्हणजे एक मोठं केंद्र पडलं तरी सगळं पडू नये. २००६ मध्ये मोठ्या भारनियमनाचे दिवस तीनवर आले आणि २००७ मध्ये शून्यावर. दोन-तीन वर्षांत चारशेवरून शून्य, ही कामगिरी नाकारता येणार नाही.

आणि स्वयंपाकघर? तोपर्यंत बऱ्याच घरांत रॉकेलवर स्वयंपाक चाले. तिथे रॉकेलला 'लुस ब्रियांते' म्हणजे झगझगीत उजेड असं नाव आहे. शिवाय कुठे गॅस, कुठे घरीच बनवलेल्या तारेच्या शेगड्या. त्या जागी आला विजेवरचा संच: राइस कुकर, 'रेना' म्हणजे राणी नावाचा विजेवरचा प्रेशर कुकर, आणि एक शेगडी. राइस कुकर आणि प्रेशर कुकर प्रत्येकी तीस लाखांहून जास्त गेले. दोन वर्षांत देशाचा रॉकेलचा वापर दोन तृतीयांशानं घटला. रॉकेल विकत आणावं लागतं आणि वीजकेंद्रात मात्र क्युबाचं स्वतःचं जाड, गंधकानं भरलेलं कच्चं तेल जाळता येतं, हे सरकारचं गणित कागदावर बरोबर होतं.

आता इंजिनियर आहे म्हणून थोडी आकडेमोड. साठ वॅटच्या जागी पंधराचा दिवा लावला की पंचेचाळीस वॅट वाचले. नव्वद लाख दिव्यांना गुणलं की ४०५ मेगावॅट, अर्थात सगळे एकाच वेळी लागले असते तर. गितेरासचं युनिट साधारण ३३० मेगावॅटचं. म्हणजे नुसत्या दिव्यांनी एका गितेरासहून जास्त काम केलं. झकास. पण राइस कुकर सहाशे वॅटचा धरा, आणि तीस लाखांपैकी एक तृतीयांशच घरांनी संध्याकाळी सात वाजता भात लावला असं धरा. झाले ६०० मेगावॅट. दिव्यांनी वाचवलं ते भातानं खाल्लं, आणि तेही नेमकं सगळे दिवे लागलेले असताना. महिन्याची युनिटं कमी झाली तरी त्या एका तासाची मागणी वाढू शकते. वीजबिल युनिटवर येतं, पण ग्रिड पडतं ते त्या एका तासाच्या मागणीमुळे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तोपर्यंत घरात दिवे एका वाटेनं चालत होते आणि चूल दुसऱ्या. वीज गेली तरी अंधारात का होईना, भात व्हायचा. आता दिवा, पंखा, फ्रीज, टाकीत पाणी चढवणारा पंप आणि चूल, सगळं एकाच वायरीवर. प्रत्येक वस्तू आधीपेक्षा चांगली आणि काटकसरी, पण अख्खं घर आधीपेक्षा नाजूक. आम्ही सर्व्हर लावताना याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो आणि तो राहिला तर डिझाईन परत पाठवतो. पण कमी वापरणं आणि दुसरी वाट ठेवणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, हे पहिलं काम इतकं उत्तम झाल्यावर कोणाला आठवणार? शून्य भारनियमनाच्या वर्षात रॉकेलचा स्टोव्ह माळ्यावर का ठेवायचा, याचं उत्तर तेव्हा कोणाकडे नसणार.

ते उत्तर पुढे मिळालं. व्हेनेझुएलाचं तेल आटत गेलं. गंधकवाल्या तेलानं बॉयलर खराब होत राहिले, सुट्या भागांना पैसे नाहीत. छोट्या जनरेटरना डिझेल मिळेना, त्यामुळे तीही दुसरी वाट बंद. २०२४च्या ऑक्टोबरपर्यंत संध्याकाळच्या मागणीच्या जवळपास निम्मी वीज कमी पडू लागली होती. १८ ऑक्टोबर २०२४ ला गितेरास पुन्हा बंद पडलं (हो, तेच) आणि एक कोटी लोकांचा अख्खा देश अंधारात गेला. पडलेलं ग्रिड उभं करायचं तर छोटी छोटी बेटं चालू करून एकमेकांना जोडावी लागतात. ती जोडता जोडता पुन्हा कोसळली, असं दोन-तीनदा झालं. फ्रीजमधलं विरघळलेलं मटण वाया जाऊ नये म्हणून लोकांनी रस्त्यावर लाकडं पेटवून ते शिजवलं. नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळानं ग्रिड पाडलं, डिसेंबरमध्ये पुन्हा गितेरासनं, २०२५च्या मार्चमध्ये हवानाजवळच्या एका सबस्टेशननं, सप्टेंबरमध्ये परत गितेरास.

लोक मग कोळशाकडे वळले. क्युबात मराबू नावाचं काटेरी झुडूप आहे, बाहेरून आलेलं. साखर कारखाने बंद पडले तशी ओसाड पडलेली उसाची शेतं त्यानं गिळली. त्याचा कोळसा इतका उत्तम की २०१७च्या जानेवारीत अमेरिकेला गेलेला पहिला माल तोच होता, पन्नासहून जास्त वर्षांनंतरची ही पहिली कायदेशीर निर्यात. तिथे तो महागड्या रेस्टॉरंटच्या ग्रिलमध्ये जायचा, आणि इथे हवानातल्या बाल्कनीत त्यावर कॉफी होऊ लागली.

आपल्या फ्लॅटचा विचार करताना मला हीच यादी करावीशी वाटते. किती युनिट जळतात ते बिलावर येतंच. पण वीज दोन दिवस नसेल तर काय काय चालेल? पाणी पंपावर, लिफ्ट विजेवर, पैसे फोनमध्ये आणि फोन चार्जरवर. इंडक्शन आलं म्हणून गॅसचं कनेक्शन परत करायचा विचार कोणी करत असेल, तर त्यानं एकदा रेनाची गोष्ट ऐकावी. सोलरवाल्यांनीही एक तपासावं: गच्चीवरची बहुतेक ऑन-ग्रिड सिस्टिम बॅटरी नसेल तर वीज गेली की स्वतःही बंद होते. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भर दुपारी डोक्यावर तीन किलोवॅटची पॅनेल आणि घरात पंखा बंद, असं होऊ शकतं.

क्युबानंही २०२५ मध्ये चीनच्या मदतीनं धडाक्यात सोलर पार्क उभे केले. पण ते दुपारी वीज देतात, आणि भात लागतो संध्याकाळी. नातेवाईक परदेशात असलेल्या घरांत चार्जिंगचे पंखे आणि बॅटऱ्या आल्या. बाकीच्यांनी शरीराचं घड्याळच बदललं. त्या वर्षी कित्येक घरांत वीज यायची ती रात्री दोन-तीन वाजता. आली की बाई उठायची, पंप लावायची, मशीनमध्ये कपडे टाकायची, फोन चार्जिंगला लावायची आणि राइस कुकरमध्ये दुसऱ्या दिवसाचा भात लावायची. वीज पुन्हा जायच्या आत तो व्हायला हवा असायचा.