शीतपेटीत थांबलेलं उत्तर

जुलै १९७६. फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन चार दिवस रंगलं. मंडळी आपापल्या गावी परतली आणि एकेक जण तापाने फणफणू लागला. पाठोपाठ खोकला, न्यूमोनिया. एकूण २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. त्यांत हॉटेलची पायरीही न चढलेले, नुसते समोरच्या रस्त्यावरून गेलेले लोकही होते.

अटलांटाच्या सीडीसी या रोगनियंत्रण केंद्रात मृतांच्या फुप्फुसांचे तुकडे येऊन पडले. नेहमीच्या थाळ्यांवर काही उगवेना. नेहमीच्या रंगांनी ऊतीत काही दिसेना. विषाचा संशय आला, निकेल धातूचाही आला. नोव्हेंबरात ते नामांकित हॉटेल बंद पडलं, तरी कारण सापडलेलं नव्हतं.

जोसेफ मॅक्डेड हे तिथले रिकेट्सिया या सूक्ष्म जंतूंचे अभ्यासक. ऑगस्टमध्ये त्यांनी फुप्फुसाचा अर्क गिनीपिगला टोचला होता. प्राण्यांना ताप आला. त्यांच्या ऊतीत क्वचित एखादा दंडाकार जीवाणू दिसला, पण तो बाहेरून शिरलेला असावा असं मानून बाजूला ठेवला गेला. रिकेट्सियाच्या कामात कोंबडीच्या गर्भित अंड्यांना प्रतिजैविकं देण्याची रीत होती, म्हणजे इतर जीवाणू माजत नाहीत. त्या रीतीनेच खरा गुन्हेगार मारला जात होता.

नाताळच्या सुटीत मॅक्डेड पुन्हा त्याच काचपट्ट्यांकडे वळले. एका कोपऱ्यात त्यांना दंडाकार जीवाणूंचा घोळका दिसला. एखाददुसरा असता तर योगायोग म्हणता आला असता. घोळका म्हणजे तिथेच वाढलेले जीव. शीतपेटीत जपलेली गिनीपिगची ऊती बाहेर निघाली आणि या वेळी प्रतिजैविकाविना अंड्यांत घातली गेली. जीवाणू वाढले.

पण वाढला म्हणजे तोच रोगकर्ता, असं थोडंच ठरतं? मॅक्डेड आणि त्यांचे वरिष्ठ चार्ल्स शेपर्ड यांनी आजारातून उठलेल्यांच्या रक्तातला सीरम त्या जीवाणूवर सोडला. प्रतिपिंडं त्याला जाऊन चिकटली, आणि आजाराच्या सुरुवातीपेक्षा नंतरच्या नमुन्यांत त्यांचं प्रमाण कितीतरी वाढलेलं होतं. १८ जानेवारी १९७७ रोजी सीडीसीने शोध जाहीर केला.

थाळीवर तो का उगवत नव्हता, हेही मग उलगडलं. त्याला सिस्टीन हे अमिनो आम्ल आणि भरपूर लोह लागतं. पुढे त्यासाठी यीस्टचा अर्क आणि कोळसा घातलेलं माध्यम तयार झालं. आजही प्रयोगशाळेत त्याची काळी थाळी वापरतात. त्याचा डीएनए ज्ञात जीवाणूंपैकी कुणाशीच जुळेना, म्हणून १९७९ मध्ये नवी प्रजाती आणि नवं कुळ जाहीर झालं : लीजनेला न्यूमोफिला. आजाऱ्यांच्या संघटनेचं नाव जीवाणूला चिकटलं ते कायमचंच.

नाव मिळताच जुन्या शीतपेट्या बोलू लागल्या. १९६५ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात न्यूमोनियाची गूढ साथ आली होती. १९६८ मध्ये मिशिगनमधल्या पाँटियाक गावच्या आरोग्य कार्यालयात तापाची. दोन्हीकडचे सीरम कुणीतरी जपून ठेवले होते. दोन्ही ठिकाणी लीजनेलाच निघाला. आणि १९४७ मध्ये एका ताप आलेल्या रुग्णापासून वेगळा केलेला, रिकेट्सियासारखा म्हणून सांभाळलेला एक नमुना तपासला, तर तोही हाच. तीस वर्षं तो शीतपेटीत नावावाचून पडून होता.